दुर्बळाचं नाव

१९ सप्टेंबर, गुरुवार

येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी मंडळीपुढे 'अडखळण' हा शब्द घ्यायचा, हे आज पक्कं केलं. मूळ ग्रीक शब्द स्कांदालोन. आपले लोक अडखळण म्हणजे वाटेतला दगड समजतात. तेवढंच नाही. सापळ्यात आमिष ज्या काडीला लावतात, ती काडी म्हणजे स्कांदालोन. पाखरानं चोच मारली की काडी सरकते आणि वरचं ओझं पडतं. म्हणजे प्रश्न नुसत्या ठेच लागण्याचा नाही, अडकून मरण्याचा आहे.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर मोटारीचं वाइंडिंग शिकलो ते दुसऱ्याच्या हाताकडे बघून, आणि ग्रीक शिकलो ते रद्दीतून उचललेल्या एका पुस्तकावरून. व्हार्निश लावून क्वाईल सुकायला ठेवली की जो वेळ मोकळा मिळतो, त्यात. पाळक रजत यांना फोनवर हा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "छान आहे काका. पण प्रेषित पौलाचं सगळं लक्ष त्या दुर्बळ भावाकडे आहे, काडीकडे नाही." तरुण माणसं असं ढोबळ बोलतात. पाच मंडळ्या सांभाळायच्या, महिन्यातून एकदा इथे लोहाऱ्याला यायचं, अभ्यासाला वेळ कुठून मिळणार?

शब्द लागू कसा करायचा तेही लिहून काढलं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खाऊन तुला काही होत नसेल, कारण तुझा विश्वास पक्का आहे. पण तुझं पाहून कच्च्या विश्वासाचा भाऊ खातो, त्याचं मन गढूळ होतं, तो मागे फिरतो. मग त्याचा सापळा तू झालास.

बायकोला, विमलला, वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, "तुळसाबाईले एवढ्या लोकांत नका बोलू हो."

मी विचारलं, तुळसाबाईचा इथे काय संबंध?

विमलनं जीभ चावली. पण निघालेलं निघालं. तुळसाबाई गेल्या महिन्यात भावाच्या तेरवीला तांड्यावर जाऊन पंगतीत जेवून आली होती.

२२ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर तुळसाबाईकडे गेलो. ती वसतिगृहात स्वयंपाकाला असते, नवऱ्यामागे मुलगी वर्षा आणि ती अशा दोघीच राहतात. बाभुळगावकडच्या तांड्यावरचं हे बंजारा घर. नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्या भावानं, हरिसिंगनं, दार बंद केलं होतं. लग्न नाही, बारसं नाही, कशाचंच बोलावणं नाही. तो मरायला टेकला तेव्हा त्यानं मुलाला, धरमसिंगला, मोटारसायकलनं पाठवून बहिणीला नेलं. हे मला आज कळलं.

मी एकेक गोष्ट नीट विचारली, कारण शास्त्र इथे बारीक भेद करतं. कोणी जेवायला बोलावलं तर न विचारता जेवावं. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर हात मागे घ्यावा. म्हणून विचारलं, "हे नैवेद्याचं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

ती नाही म्हणाली असती, तर मी तिथेच उठलो असतो. मला ते बरंच वाटलं असतं.

ती म्हणाली, "सांगायचं काय त्याच्यात, किसनदादा? माह्या डोळ्यांदेखत दाखवला. चूरमा, तूप, गूळ. मग पंगत बसली. धरमसिंगनं मले पयल्या पाटावर बसवलं. म्हणे, आत्या जेवल्याबिगर कोणी उष्टावणार नाई."

"मग तुम्ही खाल्लं."

"खाल्लं. भावानं जीव धरून ठेवला होता मी येईपर्यंत. त्याच्या दारात उपाशी उठू?"

वर्षा चहा घेऊन आली. मी म्हटलं, मंडळीपुढे एवढंच सांगा की चूक झाली, वाईट वाटतं. विषय संपेल.

तुळसाबाईनं जरा विचार केला. "वाईट नाई वाटत ना," ती म्हणाली. "खोटं कसं बोलू देवापुढे?"

चहा घेतला नाही. साखर जास्त होती.

६ ऑक्टोबर, रविवार, प्रभुभोजन

शब्द मांडला. सापळ्याचं चित्र फळ्यावर काढलं, लोकांना आवडलं. नाव कोणाचंही घेतलं नाही.

भोजनाआधी पाळक रजत यांच्याशी कोपऱ्यात बोललो. ते कपाळ चोळत म्हणाले, "काका, बाई वयस्कर आहे. समजून घ्या ना." मी म्हटलं, आपल्या मंडळीचा नियम आहे, उघड चूक आणि पस्तावा नाही, तर भाकर नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो, पण मग नियम तुम्ही मोडला हे तुम्हीच लोकांना सांगा. ते म्हणाले, "या मंडळीचे नेमलेले वडील तुम्ही आहात. मंडळी तुमची आहे." आणि पुढे जाऊन गाणं सुरू केलं.

तबक फिरवायचं काम माझंच. बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत तुळसाबाई. तिनं ओंजळ पुढे केली. मी तबक तिच्यावरून नेऊन पलीकडच्या बाईपुढे धरलं. ओंजळ तशीच राहिली. पेल्यांचं तबक घेऊन परत आलो तेव्हाही उघडीच होती.

आपण योग्य ते करतो तेव्हा लोक इतके गप्प का होतात, कळत नाही.

उपासना झाल्यावर तिनं पेले विसळले. दर वेळी तीच विसळते. तबक चुकलेल्या बाईनं पेले विसळावेत की नाही याबद्दल नियमात काही नाही. बघावं लागेल.

९ ऑक्टोबर, बुधवार

तुळसाबाई दुकानावर आली. एका शेतकऱ्याचा पंप उघडून बसलो होतो. ती स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं, खोकली.

"दादा, तुमी सांगतलं ते मी ध्यानानं आयकलं. अडखळण म्हंजे कोणीतरी पडला पायजे. होय ना?"

"बरोबर."

"मग माह्यामुळं कोण पडला? त्याचं नाव सांगा. मी त्याच्या दारात जाऊन पाया पडते. मले लाज नाई."

मी म्हटलं, नाव सांगण्याची गरज नाही, तत्त्व आहे.

"तत्त्वाच्या पाया कशा पडू, दादा?" ती हसली. मग पुन्हा खोकली. पाणी दिलं तर घोटभरच प्यायली, छातीवर हात ठेवून बसून राहिली. "तुमचा शब्द चांगला हाये. माणूस दाखवा म्हंजे झालं. मले पुढच्या महिन्यात भाकर पायजे. तेवढं करा."

ती गेल्यावर लक्षात आलं की तिचं म्हणणं अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबर आहे. पौलानं दुर्बळ भाऊ गृहीत धरलेला आहे. भाऊच नसेल तर अडखळण सिद्ध होत नाही. काम अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. त्याला शोधावं लागेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सात घरं झाली. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तुळसाबाईनं नैवेद्याचं जेवण केलं, ते ऐकून तुमच्या विश्वासाला धक्का बसला का?

बाबुलाल सुतार म्हणाला, "धक्का? मले तर आनंद झाला. दोघं भाऊ-बहीण बोलले म्हणून."

अंगणवाडीत शिकवणारी सुरभी म्हणाली, "किसनकाका, आमच्या सासरी तर मी दर पोळ्याला पुरणपोळी खाते. मलाही काढता का?" हे हसत म्हणाली. मी टिपून ठेवलं.

पंजाबरावांना तर तेरवीची गोष्टच माहीत नव्हती. माझ्याकडूनच कळली. म्हणाले, "मग आता मी अडखळू का? सांगा, तसं करतो." या वयात थट्टा शोभत नाही.

दुर्बळ म्हणवून घ्यायला कोणी तयार होत नाही, ही खरी अडचण आहे. गर्व माणसाला किती आंधळं करतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

सापडला.

बळीराम. दीड वर्षापूर्वी मीच त्याला दारूच्या गुत्त्यावरून उठवून मंडळीत आणला. गाड्या धुतो. या महिन्यात तीन रविवार तो आला नव्हता, आणि आज प्रार्थनागृहाच्या बाहेर दिसला तेव्हा तोंडाला वास होता. मी जवळ बोलावलं. हात धरून बाकावर बसवलं आणि विचारलं, बळीराम, परत सुरू का केली? तुळसाबाईचं ऐकून तर नाही?

तो खाली बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मी थांबलो.

"हो दादा," तो म्हणाला. "तेच. तिचं आयकलं अन् मन उठलं माहं. म्हटलं, एवढी जुनी बाई अशी करते, तं आपण कोण?"

अगदी पौलानं वर्णन केल्यासारखं. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्यानं रडत माझे हात धरले आणि म्हणाला, "तुमी मले टाकू नका दादा." मी म्हटलं, तू तर दुर्बळ आहेस, तुला कोण टाकेल?

विमलला हे सांगितलं. ती म्हणाली, "तो तं जून महिन्यापासून पिऊन राह्यला. तुमाले ठाऊक नव्हतं?"

सवयीचं पिणं वेगळं आणि अडखळून पिणं वेगळं. पण हे तिला समजावलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार, प्रभुभोजन

उपासनेच्या आधी तुळसाबाईला नाव सांगितलं. मला वाटलं होतं, ती वाद घालेल. ती "बरं" म्हणाली, उठली, आणि पुरुषांच्या बाजूला सरळ बळीरामपाशी गेली. सगळ्यांसमोर वाकली, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

"बापू, माह्यामुळं तुले ठेच लागली असंल तं माफ कर."

बळीरामनं पाय ओढून घेतले. "काकी, उठा, काकी, असं नका करू," असं म्हणत तो भिंतीला चिकटला. आणि मग दाराबाहेर गेला. चपलाही घातल्या नाहीत.

मी तुळसाबाईला विचारलं, मग ते खाल्ल्याचं वाईट वाटतं, असं समजायचं का?

"याले लागलं त्याचं वाईट वाटते," ती म्हणाली. "खाल्ल्याचं नाई."

क्षणभर मनात आलं की एवढ्यावर भागवावं. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली होती, पाळक रजत माझ्याकडे बघत होते, विमलही बघत होती. पण पस्तावा परिणामाचा आणि पस्तावा कृत्याचा यांत फरक आहे. आज मी तो फरक पुसला, तर उद्या माझ्या शिकवण्याला कोण विचारेल?

तबक तिच्यावरून नेलं. या वेळी तिनं ओंजळ केली नाही. तरी मी थांबलो होतो, एक क्षण.

१७ नोव्हेंबर, रविवार

हंगामाचं जेवण. लोकांनी पहिला कापूस, तूर, भोपळे आणून वेदीपुढे ठेवले. मग पंगत. वांग्याची भाजी, वरण, भात, भाकरी, बुंदी.

तुळसाबाई पानावर बसली, पण जेवली नाही. भाताची चार शितं तोंडात फिरवत राहिली आणि मग पदरात टाकली. विमलनं वरणाची वाटी दिली, ती अर्धी प्यायली आणि डोळे मिटून बसली. चेहरा ओढलेला, पोलकं अंगावर सैल.

मला हे पटलं नाही. रुसवा घरात ठीक आहे. देवाच्या पंगतीत अन्नावर रुसणं म्हणजे माझ्यावरचा राग अन्नावर काढणं. तसं मी विमलला बोलूनही दाखवलं. ती वरणाचं भांडं उचलून पुढच्या पानाकडे गेली. तिचं अलीकडे असंच आहे.

बळीराम आला नव्हता. बाबुलाल आणि त्याचं घर आलं नव्हतं. कापूस वेचणी चालू असेल. पण बाबुलाल सुतार आहे, त्याला कसला कापूस?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्षा आली होती. दुकानात आली नाही, बाहेर रस्त्यावर उभी राहूनच म्हणाली, "काका, याडीले मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. घशाखाली अन्ननळीत गाठ हाये. घास उतरत नाई म्हणून मागचे दोन महिने पातळच घेऊन राह्यली होती. कोणाले सांगू देत नव्हती." ती याडी म्हणते आईला, त्यांच्या बोलीत.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

"उशीर झाला म्हणते."

मग ती म्हणाली, "तिले भाकर पायजे, काका. दुसरं काहीच मागत नाई. परवा प्रभुभोजन हाये. तुमी घेऊन याल का घरी?"

मी म्हटलं, बघतो.

दुपारभर काम झालं नाही. हंगामाच्या दिवशी जे लिहिलं ते वाचून बघितलं. ते तेव्हाच्या माहितीनुसार बरोबर होतं.

१ डिसेंबर, रविवार, प्रभुभोजन

पाळक रजत म्हणाले, "काका, आज आपण दोघं तिच्याकडे जाऊ. मी भाकर घेतो." मी म्हटलं, जरूर जाऊ, आणि तिनं शेवटचं तरी तेवढं एक वाक्य म्हणावं.

गेलो. ती भिंतीला टेकून बसलेली. गळा पक्ष्यासारखा. पाळकांनी पिशवीतून डबी काढली. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि शक्य तितक्या मऊपणानं म्हणालो, तुळसाबाई, फक्त म्हणा, चूक झाली.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. रागानं नाही. मग म्हणाली, "तुमाले पायजे तसं म्हणते, दादा. चूक झाली. झालं? लिहा तुमच्या मनासारखं."

वर्षानं डोळे पुसले. पाळकांनी डबीचं झाकण उघडलं.

मी त्यांचा हात धरला. असा पस्तावा स्वीकारता येत नाही. हे माझ्यासाठी म्हटलेलं होतं, देवासाठी नाही. ओठांचं होतं. ते स्वीकारलं असतं, तर तिला मी खोटं बोलायला लावलं असं झालं असतं, आणि ते पाप माझ्या माथी आलं असतं. मी हे पाळकांना बाहेर नेऊन समजावलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "काका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे आहे?" मी म्हटलं, खरं. ते मोटारसायकल सुरू करून निघून गेले. डबी त्यांच्याच पिशवीत राहिली.

तेवीस-चोवीस वर्षांचा असतो तर मीही तसाच चिडलो असतो.

११ डिसेंबर, बुधवार

बळीराम दुकानावर आला. शुद्धीत होता. उभ्यानंच बोलला.

"दादा, मी खोटं बोललो होतो. तुळसाकाकीचं अन् माह्या पिण्याचं काहीच नाई. तुमी विचारून राह्यले होते, अन् मले वाटलं, नाई म्हटलं तर तुमी म्हणान, मग कायले पेतो, लेका? मले उत्तर नव्हतं. तुमीच उत्तर देऊन राह्यले होते. मी हो म्हटलं."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"ती माह्या पायावर पडली, दादा. मेलेल्या मायीच्या वयाची बाई. मले झोप नाई तेव्हापासून. तिले भाकर द्या. माहं नाव काढून टाका."

मी त्याला शांतपणे सांगितलं की हेच दुर्बळ मनाचं लक्षण आहे. दया आली की दुर्बळ माणूस आपलं दुखणंसुद्धा नाकारतो. ऑक्टोबरमध्ये तो रडला होता, ते खरं होतं. आज त्याला तिची कीव येते आहे. साक्ष अशी मागे घेता येत नाही. खोटं बोलला असेल, तर तो त्याचा वेगळा विषय, त्याचा वेगळा पस्तावा.

"म्हंजे मी खरं बोललो तरी खोटं?"

"तू गोंधळला आहेस."

तो माझ्याकडे बघत मागे मागे गेला. "मी तुमच्या देवाले काय तोंड दाखवू?" असं काहीसं म्हणाला. गिऱ्हाईक आल्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही.

तो खरं बोलत असेल, तर मग दुर्बळ भाऊ कोणीच नव्हता. ही शक्यता मी प्रामाणिकपणे इथे नोंदवतो. पण असं असतं, तर मला ते सुरुवातीलाच दिसलं असतं.

२५ डिसेंबर, बुधवार, नाताळ

उपासनेला लोक कमी. पाळक रजत तब्येतीचं कारण सांगून आले नाहीत. भाकर आदल्या दिवशीच आशीर्वाद मागून डब्यात पाठवली होती. मी तबक फिरवलं. सुरभीच्या घरचे, पंजाबराव, अजून तिघंचौघं. लहान मुलांनी नाटक केलं नाही. करवून घेणारी वर्षाच.

विमलनं तबकावरची भाकर घेतली आणि खाल्ली नाही. रुमालात ठेवली. मला वाटलं, घरी खाईल.

दुपारी ती दोन तास कुठेतरी गेली होती.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी चहा देताना विमलनं स्वतःच सांगितलं. "तुमच्यापासून लपवणार नाई."

काल ती तुळसाबाईकडे गेली होती. रुमालातली भाकर तिनं, प्रभुभोजनाच्या पेल्यांत असतो त्या मनुकांच्या रसात भिजवली. गिळता येत नाही म्हणून बोटानं जिभेवर लावली. तुळसाबाईनं तोंड बराच वेळ मिटून ठेवलं. बाकी काही झालं नाही. एवढंच.

मी विचारलं, कोणत्या अधिकारानं?

"तिनं मागितली. माह्यापाशी होती."

"तुला ठाऊक होतं तिला मनाई आहे."

"ठाऊक होतं."

"वाईट वाटतं?"

माझी बायको पंचवीस वर्षं माझ्यापुढे आवाज चढवून बोललेली नाही. आजही चढवला नाही. "तुमी मले विचारता ना, त्याच्या आधी स्वतःले विचारा," ती म्हणाली आणि कपबशी घेऊन आत गेली.

२८ डिसेंबर, शनिवार

तुळसाबाई काल पहाटे गेली. आज माती दिली. मनाई भाकरीला होती, मातीला नव्हती. तसं मी कालच सगळ्यांना कळवलं. ख्रिस्ती स्मशानभूमीत नवऱ्याशेजारी जागा होती.

तांड्यावरून धरमसिंग आला होता, दोन गाड्या भरून माणसं घेऊन. खांदा त्यांनी दिला, आपल्या लोकांनीही दिला. मी शास्त्रवाचन केलं. पाळक रजत आले होते, माझ्याशी बोलले नाहीत. बळीराम फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही. फाटक धरून होता.

माती लोटून झाल्यावर धरमसिंगनं हात जोडले. "आत्या आमच्या घरची होती, तुमच्याबी घरची होती. पुढच्या रविवारी दुपारी तांड्यावर तिच्या नावाचं जेवण ठेवलं हाये. तुमच्या देवाची प्रार्थना तुमी म्हणा, आमी आमचं करू. सगळ्यायनं या. गाडी पाठवतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, प्रभुभोजनाचा रविवार आहे.

"दुपारी हाये जेवण," धरमसिंग म्हणाला.

५ जानेवारी, रविवार, प्रभुभोजन

नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसाला वगळलं, तर तो नियम राहत नाही. काल विमलला सांगून ठेवलं होतं. तिनं तरीही नेहमीसारखी मनुका उकळून रस केला, भाकर भाजली.

ती आज तिसऱ्या ओळीत बसली. मी तबक तिच्यावरून नेलं. ती माझ्याकडे न बघता पुढे बघत होती. शेजारच्या सुरभीनं भाकर उचलली, बघितली आणि परत तबकात ठेवली. मग पलीकडच्या बाईनंही ठेवली. मला वाटलं, त्यांना बरं नसेल. मग पुरुषांकडे गेलो तर पंजाबरावांनी हात छातीशी बांधून घेतले. पाळक रजत पुढे डोकं खाली घालून उभे होते. तबक जसं भरलं होतं तसं परत आणलं. मी माझा तुकडा घेतला. गिळायला वेळ लागला.

बाहेर धरमसिंगची गाडी उभी होती. सगळे तिच्यात चढायला लागले. पाळक रजत यांनी मोटारसायकल मागे लावली. विमलनं मला बाजूला घेतलं.

"तुमचं ताट झाकून ठेवलं घरी. मी जाऊन येते."

मी प्रार्थनागृहाच्या दाराला कडी लावली.

"तिथं कोणी विचारलं, दादा काहून नाई आले, तर काय सांगू?"

"सांग, दुकानात काम आहे."

तिनं मान हलवली. गाडी गेली. मग लक्षात आलं, रविवारी मी दुकान कधीच उघडत नाही. हे तांड्यालाही ठाऊक असेल. विमल माझ्या नावावर तिथे खोटं सांगणार. ते खोटं ठरू नये म्हणून मी चावी घेऊन गेलो, शटर वर केलं, एका गिरणीची मोटार उघडली आणि खरोखर काम सुरू केलं. घाईचं नव्हतं. पण काम होतं.

तार भरत असताना रस्त्यावर बळीराम थांबला. बराच प्यायलेला होता, तरी स्वच्छ शर्ट घातला होता. भांग पाडला होता. तांड्याकडे जायला निघाला असावा, गाडी चुकली असावी. त्यानं शटर बघितलं, मला बघितलं, परत शटर बघितलं.

"दादा, आज तं रविवार."

"हो."

"तुमीबी?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "मग ठीक हाये. मले वाटलं होतं, निदान तुमी तरी." आणि तो तांड्याच्या रस्त्याला न लागता उलट दिशेनं, गुत्त्याच्या गल्लीत वळला.

हाक मारायला हवी होती. हातात तार होती. सोडली असती तर भरलेली सगळी क्वाईल ढिली पडली असती.